छोट्या चणीची स्लिपर ऑर्किड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटच्या खिडकीत किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात स्लिपर ऑर्किड, म्हणजे सपातेसारखी पिशवी असलेल्या फुलांचं ऑर्किड, लावायची इच्छा असलेल्यांसाठी हे पान आहे. बहुतेक प्रश्न त्यातल्या पॅफिओपेडिलम या वंशाबद्दल येतात, त्यामुळे उत्तरंही मुख्यतः त्याचीच. वाढवणारे त्याला नुसतं 'पॅफ' म्हणतात, इथेही तसंच म्हटलं आहे.

स्लिपर ऑर्किड मोठं म्हणजे किती मोठं होतं?

बोर्निओतल्या किनाबालू पर्वताच्या परिसरात वाढणारी रॉथशिल्डिॲनम ही पॅफची जात घ्या. एकेक पान दीड-दोन फूट लांब, आणि फूल एका पाकळीच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत 25 ते 30 सेंमी. सॅन्डेरिॲनमच्या पाकळ्या तर 90 सेंमीपर्यंत खाली लोंबतात. गोल, जाड, चकचकीत फुलांचे जे मोठे संकर प्रदर्शनांत दिसतात, ते इन्सिग्ने, विलोसम, स्पायसेरिॲनम अशा जातींतून शंभराहून जास्त वर्षं निवडत निवडत तयार झाले आहेत. त्यांच्या पानांचा पसाराही सहज 40 ते 50 सेंमी होतो. असं एक झाड ठेवलं की खिडकी भरली. म्हणून लहान झाडांची मागणी वाढली आणि त्याबरोबर लहान म्हणून काहीही विकणंही वाढलं.

मिनिएचर आणि कॉम्पॅक्ट यांत फरक काय?

जातच मुळात लहान असेल तर ते मिनिएचर. घराणं मोठं, पण त्यातलं हे झाड आखूड पानांचं निघालं, तर ते कॉम्पॅक्ट. मी स्वतः पानांचा पसारा मोजतो: एका पानाच्या टोकापासून समोरच्या पानाच्या टोकापर्यंत, झाड वरून बघून. 15 सेंमीच्या आत असेल तर मिनिएचर, 25 च्या आत असेल तर कॉम्पॅक्ट. हे माप माझ्या सोयीचं आहे, कुठल्या संस्थेचा नियम नव्हे. विक्रेते दोन्ही शब्द हवे तसे वापरतात, त्यामुळे शब्दावर जाऊ नका, सेंटिमीटर विचारा.

कॉम्पॅक्ट झाडाची खरी गंमत प्रमाणात असते. पानं लहान आणि फूलही तितकंच लहान, तर त्यात विशेष काही नाही. पानं वीतभर जागेत मावणारी आणि फूल घराण्याला शोभेल इतकं मोठं, असं झाड मिळालं तर ते जपावं.

मोठ्या जातीत मधेच लहान झाड कसं निघतं?

याची कारणं चार आहेत, आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिलं कारण बियांचं. ऑर्किडच्या एका शेंगेत धुळीसारख्या हजारो बिया असतात आणि प्रत्येक बी आनुवंशिकदृष्ट्या वेगळी. एकाच शेंगेतली रोपं शेजारी शेजारी वाढवली तरी एक आखूड, एक लांब असं होतंच. त्यातली आखूड निवडायची, त्यांचं आपसांत परागण करायचं, पुन्हा निवडायची. चांगल्या नर्सरीतली कॉम्पॅक्ट झाडं अशी येतात. यात वेळ फार जातो. बहुतेक पॅफ बी रुजल्यापासून फुलायला तीन-चार वर्षं घेतात, रॉथशिल्डिॲनमसारखं झाड त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त.

दुसरं कारण भूगोलाचं. एकाच जातीची झाडं वेगवेगळ्या बेटांवर, वेगवेगळ्या कड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढली की त्यांची चणही वेगळी होते. फिलिपिनेन्स हे याचं चांगलं उदाहरण. फिलिपिन्समधल्या लुझोन बेटाकडचं रोबेलेनी हे रूप दणकट आणि लांब पानांचं, तर तिथल्याच पलावान बेटाकडून आलेली झाडं आखूड पानांची. दांड्यावर तीन-चार पिळदार पाकळ्यांची फुलं हवी आहेत पण जागा कमी आहे, अशांनी या आखूड रूपाकडे बघावं.

ही दोन्ही कारणं जनुकांतली, म्हणजे कायमची. उरलेली दोन परिस्थितीची.

तिसरं कारण प्रकाश. भरपूर उजेडात वाढलेल्या झाडाची पानं आखूड, जाड आणि थोडी पिवळसर होतात. तेच झाड सावलीत आणलं की पुढची पानं लांब आणि गडद येतात.

चौथं कारण उपासमार. मुळं कुजलेली, माध्यम (कुंडीत मातीऐवजी भरलेलं मिश्रण) जुनं झालेलं, खत नाही, अशा अवस्थेत मोठ्या जातीचं झाडही वीतभर जागेत मावतं. अशी झाडं 'ड्वार्फ' म्हणून विकली जातात, याचं मला फार वाईट वाटतं. घेणारा ते मनापासून जगवतो, वर्षा-दोन वर्षांत ते सुधारतं आणि कुंडीबाहेर पसरतं, किंवा मुळं नसल्यामुळे मरून जातं.

मग खरं कॉम्पॅक्ट ओळखायचं कसं?

झाडात किती ग्रोथ आहेत ते आधी बघा. पॅफला जमिनीखाली कंद नसतो आणि डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडसारखे पाणी साठवणारे दांडेही नसतात. पानांचा एक झुबका वाढतो, त्याच्या मध्यातून दांडा येऊन तो एकदाच फुलतो, मग बुडातून नवा झुबका येतो. या एका झुबक्याला ग्रोथ म्हणतात. फुलून गेलेल्या ग्रोथच्या मधोमध जुन्या दांड्याचा सुकलेला खुंट दिसतो. तो खुंट म्हणजे ही ग्रोथ पूर्ण वाढली होती याचा पुरावा.

आता तिची पानं मोजा आणि शेजारच्या नव्या ग्रोथची मोजा. दोन्ही जवळपास सारखी आणि आखूड असतील तर झाडाची चण तीच आहे असं धरायला हरकत नाही. नवी ग्रोथ जुनीपेक्षा बरीच मोठी असेल तर झाड अजून वयात येतंय. नवी जुनीपेक्षा लहान असेल तर ते खंगतंय. खुंट असलेली एकही ग्रोथ नसेल, तर ते रोप आहे. मग विक्रेता काहीही म्हणो, त्याचं अंतिम माप आज कुणीच सांगू शकत नाही.

नंतर मुळं. विक्रेत्याने परवानगी दिली तर झाड हलकेच उचलून बघा. पॅफचं निरोगी मूळ तपकिरी असतं आणि त्यावर बारीक, दाट लव असते. फॅलेनॉप्सिस या नर्सरीत नेहमी मिळणाऱ्या ऑर्किडची चंदेरी मुळं बघायची सवय असलेल्यांना हे मूळ मेलेलं वाटतं, पण ते तसं नसतं. बोटात धरून हलकं दाबा. घट्ट लागलं आणि टोक फिकट, ओलसर दिसलं तर मूळ जिवंत आहे. साल सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला तर मेलेलं. तीन-चार दणकट मुळं असलेलं आखूड झाड विश्वासाचं. मुळंच नाहीत आणि पानं आखूड, तर त्या आखूडपणाला काही किंमत नाही.

ऑनलाइन घेताना कुंडीसकट, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. नुसत्या फुलाच्या फोटोवर पैसे पाठवू नका.

सुरुवात कोणत्या झाडापासून करावी?

माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या जातीचं दुर्मीळ बुटकं रूप शोधत बसण्यापेक्षा निसर्गतःच लहान असलेली जात आधी घ्या. त्यात फसवणूक कमी होते आणि आनंद लवकर मिळतो.

माझं सगळ्यात लाडकं हेलेनी. उत्तर व्हिएतनाममधल्या, चीनच्या सीमेजवळच्या चुनखडीच्या डोंगरांतलं हे झाड 1996 साली शास्त्रीयदृष्ट्या नोंदलं गेलं. पानं बोटभर, जाड, कडांना फिकट रेघ. फूल जेमतेम 5 सेंमी. वरचं निदल (पाकळ्यांमागचं, पाकळीसारखंच दिसणारं दल) सोनेरी पिवळं आणि त्याला पांढरी बारीक किनार, पाकळ्या तांबूस-तपकिरी, आणि सगळ्या फुलाला नुकतं व्हार्निश फिरवल्यासारखी चमक. लांबून ते साधं पिवळं दिसतं. जवळ जाऊन बघितलं की मधोमध असलेली वंध्य पुंकेसराची पिवळी ढाल नजरेत भरते.

त्याच्याच जवळचं बार्बिजेरम. चीनच्या ग्वेइचौ भागातलं, 1940 मध्ये वर्णन झालेलं, वर पांढरं छत्र, म्हणजे छत्रीसारखं वरचं निदल, असलेलं. हेलेनीपेक्षा किंचित मोठं आणि माझ्या मते जास्त सोशिक. हेन्रीॲनम 1987 चं, वरच्या निदलावर गडद लालसर ठिपके आणि खाली गुलाबी पिशवी. म्यानमारच्या शान भागातलं चार्ल्सवर्थी छोट्या झाडावर रुंद गुलाबी छत्र उघडतं, त्यामुळे संकर करणाऱ्यांचं ते जुनं आवडतं आहे.

आपल्याच देशातलं बघायचं तर फेअरीॲनम. सिक्कीम, अरुणाचल आणि भूतानच्या पट्ट्यातलं हे झाड. पांढऱ्या निदलावर जांभळ्या शिरांची जाळी, कडा लाटेसारख्या, आणि दोन्ही पाकळ्या म्हशीच्या शिंगांसारख्या खाली जाऊन पुन्हा वर वळलेल्या. 1857 मध्ये इंग्लंडमध्ये ते पहिल्यांदा फुललं, नंतर लागवडीतली झाडं मरत गेली आणि जंगलातलं ठिकाण कुणालाच माहीत नव्हतं. सॅन्डर या प्रसिद्ध ऑर्किड व्यापाऱ्याने ते शोधून आणणाऱ्याला 1000 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. 1905 च्या सुमारास ते पुन्हा हाती लागलं. झाड लहान आहे, पण उन्हाळ्यातल्या गरम रात्री त्याला सोसत नाहीत, एवढं लक्षात ठेवून घ्या.

आमच्याकडच्या हवेत जगेल का?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. वर सांगितलेली बहुतेक झाडं डोंगरातली, थोडी थंड रात्र मागणारी. पुणे, नाशिक, कोल्हापूर, महाबळेश्वर इथला हिवाळा त्यांना मानवतो, आणि रात्रीचा तो गारवा मिळाला तर फुलंही चांगली येतात. अडचण एप्रिल-मेची. दुपारी 12 ते 4 या वेळात झाड भिंतीच्या आत, वारा खेळता, आणि आजूबाजूला ओल हवी.

मुंबई, कोकण, गोवा इथे रात्रही उबदार. तिथे नीव्हियम घ्या. थायलंड-मलेशियाच्या किनाऱ्याजवळच्या चुनखडीच्या बेटांवर ते समुद्राच्या हवेतच वाढतं. फूल पांढरं, बारीक जांभळ्या ठिपक्यांचं, पानांवर नक्षी. त्याच गटातलं थायॲनम 2006 मध्ये नोंदलं गेलं आणि ते आणखी चिमुकलं आहे, पण पहिलं झाड म्हणून घेऊ नये. सुमात्राचं प्रिम्युलिनम हेही उबेत राहणारं: एका दांड्यावर एकामागून एक पिवळी फुलं, महिनोन्‌महिने. त्याचा ग्लॉकोफिलमशी झालेला संकर 'पिनोकिओ' आणखी दणकट आहे आणि नवशिक्यालाही जमतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात कूलर असलेली खोली किंवा दिव्याखालचं बंद शेल्फ हवं. उघड्या गॅलरीत मे महिना निघणार नाही.

लहान झाडांशी मोठ्यांचा संकर केला की झाड नेमकं किती मोठं होतं?

संकर करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. फुलाचं माप साध्या सरासरीपेक्षा गुणोत्तरी सरासरीच्या (दोन मापांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या) जवळ येतं. म्हणजे एका बाजूला 5 सेंमीचं फूल आणि दुसऱ्या बाजूला 20 सेंमीचं, तर संकराचं साडेबारा न येता 10 च्या आसपास येतं. लहान पालक आपल्या वाट्यापेक्षा जास्त ओढतो. पानांतही साधारण असंच दिसतं, म्हणून एकाच पिढीत झाड बऱ्यापैकी आटोक्यात येतं.

पुढची पिढी मात्र अवघड. मोठे गोल संकर बहुतेकदा चौगुणित असतात, म्हणजे त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे चार संच. हेलेनी, हेन्रीॲनम या साध्या जातींत दोन. या दोघांच्या संकराची रोपं त्रिगुणित, म्हणजे तीन संचांची, निघतात आणि त्रिगुणित झाड सहसा वांझ असतं. फूल सुंदर, पण पुढे वंश नाही. त्यामुळे कॉम्पॅक्ट संकरांच्या प्रत्येक नव्या ओळीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पॅफच्या संकरांची सुरुवात 1869 मध्ये इंग्लंडमधल्या वीच नर्सरीत झाली. विलोसम आणि बार्बेटम यांच्या त्या पहिल्या संकराचं नाव हॅरिसिॲनम. त्या काळात सगळा ओढा मोठं करण्याकडे होता. लहान करण्यासाठी उपयोगी पडलेल्या हेन्रीॲनम, हेलेनी या जाती शास्त्राच्या हाती आल्या त्या विसाव्या शतकाच्या शेवटी.

फॅलेनॉप्सिस कोपऱ्यावरच्या नर्सरीत मिळतं, हे एवढं महाग का?

फॅलेनॉप्सिसच्या एका उत्तम झाडापासून प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने हुबेहूब लाखो झाडं करता येतात. पॅफच्या बाबतीत ही पद्धत व्यापारी पातळीवर नीट बसलेली नाही. निवडलेलं एखादं कॉम्पॅक्ट झाड हवं असेल तर ते तोडून वाढवणं हाच मार्ग, आणि वर्षाला एक-दोन ग्रोथ देणारं झाड किती तोडणार? बाकी सगळी झाडं बियांपासून, म्हणजे प्रत्येक वेगळं. म्हणून 'हेच झाड, याच मापाचं' असं छातीठोकपणे सांगून कुणी शंभर रोपं विकत असेल तर जपून राहा.

कुंडी आणि माध्यम काय वापरावं?

कुंडी झाडाच्या मानाने लहान. मिनिएचर झाडाला अडीच ते तीन इंची प्लॅस्टिकची कुंडी पुरते. मातीची कुंडी सुंदर दिसते, पण इतक्या छोट्या मापात ती आपल्या हवेत दुपारपर्यंत कोरडी पडते.

माध्यमासाठी पाइनची साल बारीक तुकड्यांत, थोडा लाकडी कोळसा, थोडं पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे). नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात, पण ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून त्यातला क्षार काढल्याशिवाय वापरू नका. हेलेनी, बार्बिजेरम, नीव्हियम या चुनखडीवरच्या जातींना वरून चिमूटभर शिंपल्यांचा चुरा देतात. किनाऱ्यावरून आणलेले शिंपले आधी गोड्या पाण्यात खूप धुवा.

माध्यम वर्षातून एकदा बदला. मोठं झाड दोन वर्षं निभावून नेतं. छोट्या कुंडीतली साल लवकर कुजते, आणि लहान झाडाकडे वाया घालवायला मुळं नसतात. माझ्या पाहण्यात मिनिएचर पॅफ जास्त करून यामुळेच जातात.

पाणी किती आणि कसलं?

माध्यम वरून सुकलं पण आत किंचित दमट आहे तेव्हा. पूर्ण कोरडं होऊ देऊ नका, कारण साठा करायला या झाडाकडे काही नाही. पाणी सकाळी द्या, आणि ग्रोथच्या मध्यात साचलं तर टिपून घ्या, नाहीतर तिथेच कुजायला लागतं.

बोअरचं जड पाणी टाळा. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात उत्तम. आरओचं वापरत असाल तर खतात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहे ना ते बघा. खत पाकिटावर लिहिलेल्याच्या चौथा हिस्सा पुरतं.

उजेड किती?

साधारण 10 ते 15 हजार लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). मोबाइलवरच्या ॲपनेही अंदाज येतो. पूर्वेची खिडकी आणि पातळ पडदा, किंवा 75 टक्के सावलीची हिरवी नेट. एका दांड्यावर अनेक फुलं देणाऱ्या फिलिपिनेन्ससारख्या झाडांना याच्या दीड-दुप्पट. परदेशात, जिथे हिवाळ्यात सूर्य दिसत नाही, तिथे बरेच मराठी हौशी लोक शेल्फवर एलईडीखाली ही झाडं ठेवतात. मिनिएचर झाडांना ते उत्तम मानवतं.

फुलून गेलेली ग्रोथ कापायची का?

नाही. ती पुन्हा फुलणार नाही, पण तिची पानं नव्या ग्रोथला पोसतात. आपोआप पिवळी पडेपर्यंत राहू द्या.

झाड तोडून दोन कधी करावीत?

करूच नका, असं मी म्हणेन. मिनिएचर पॅफचं सौंदर्य दाट गड्ड्यात आहे. पाच-सहा ग्रोथचं हेलेनी एका वेळी तीन-चार फुलं देतं आणि तरीही चार इंची कुंडीत मावतं. तोडायचंच असेल तर प्रत्येक तुकड्यात किमान तीन ग्रोथ आणि स्वतःची मुळं हवीत.

कायदा काय म्हणतो?

पॅफिओपेडिलमचा पूर्ण वंश साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 1 मध्ये आहे. म्हणजे जंगलातून काढलेल्या झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद, आणि लागवडीतल्या झाडांनाही परवाने लागतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्येही हा वंश संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहे. ही यादी पूर्वी अनुसूची 6 होती, 2022 च्या दुरुस्तीनंतर ती अनुसूची 3 झाली. जंगलातून झाड उपटणं हा गुन्हा आहेच, शिवाय अशा वनस्पतींची लागवड आणि विक्री यांसाठीही परवान्याची तरतूद आहे. घेण्याआधी विक्रेत्याकडे कागद मागा आणि शंका असेल तर वनविभागाकडे विचारा.

हे सांगायचं कारण आहे. हेलेनी जगाला कळल्यावर त्याच्या डोंगरांवरून ते पोत्यांनी उपटलं गेलं. झाड लहान म्हणजे एका पोत्यात जास्त मावतं. महाराष्ट्राला सगळ्यात जवळचं पॅफ म्हणजे केरळच्या अगस्त्यमलै भागातलं ड्रुरी, दक्षिण भारतातलं एकमेव. तेही उपटून आणि वणव्यांनी जवळजवळ संपलं. 'जंगली, ओरिजिनल' असं सांगून ईशान्येतली झाडं विकणारे ऑनलाइन भेटतात. पानांवर ओरखडे, किडीची भोकं, कापलेली मुळं आणि चिकटलेलं शेवाळ दिसलं तर ते झाड घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

अमेरिकेतल्या भावाला येताना बॅगेत आणायला सांगू का?

नको. साइट्सचे परवाने आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर झाड जप्त होतं आणि भाऊही अडचणीत येतो.

कीड कोणती लागते?

पिठ्या ढेकूण, आणि तो पानांच्या बगलेत लपतो. मोठ्या झाडात तो दिसतो, मिनिएचरमध्ये पानं इतकी घट्ट बसलेली असतात की दिसेपर्यंत उशीर होतो. दर आठवड्याला भिंग घेऊन बगला तपासा. सापडला तर इअरबड सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून टिपा आणि आठवड्याने पुन्हा बघा. पावसाळ्यात गोगलगायी कळ्या खातात, त्यांना रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय.

पॅफ सोडून दुसरी लहान स्लिपर ऑर्किड आहेत का?

दक्षिण अमेरिकेतल्या फ्रॅग्मिपेडियममध्ये पीअर्सी हे गवतासारख्या पानांचं लहान झाड आहे. ओढ्याकाठी वाढतं, त्यामुळे कुंडीखाली बशीत स्वच्छ पाणी असलेलं त्याला चालतं. पाणी जास्त घालायची सवय असलेल्यांनी पॅफऐवजी हेच घ्यावं.

आणि एक मेक्सिपेडियम. त्या वंशात एकच जात, झेरोफायटिकम. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात 1988 मध्ये चुनखडीच्या कड्यांवर मोजकीच झाडं सापडली आणि 1990 मध्ये त्यांचं वर्णन झालं. फूल पांढरं, साधारण 2 सेंमीचं. ते धावत्या खोडाने पसरतं, म्हणून त्याला खोल कुंडीपेक्षा पसरट, उथळ भांडं द्यावं, आणि पाणी दोन वेळांच्या मध्ये पॅफपेक्षा जास्त सुकू द्यावं.